आमच्या घरातला नेपच्यून

बाबांशी माझं कशावरून वाजेल याचा नेम नसायचा, पण एकदा ते चक्क एका देवावरून वाजलं, तेही आमच्या बौद्ध घरात! कॉलेजातल्या चित्रकलेच्या सरांनी मला बक्षीस म्हणून वीतभर उंचीची ब्राँझची मूर्ती दिली होती. इटलीतल्या एका जुन्या शिल्पाची ती नक्कल. मी ती घेऊन सेलूला घरी आले. मूर्तीच्या हातातला त्रिशूळ दिसताच बाबा कडाडले, "छप्पन साली देव सोडले आमी. अन् तू महादेव घेऊन यायलीस?"

"महादेव न्हाई बाबा, नेपच्यून हाय! समुद्राचा देव. आधी ऐकून तर घ्या!"

"देवच की! उद्या परत देऊन ये."

"अहो, याला आता जगात कुणी पुजत न्हाई. देऊळ न्हाई, पुजारी न्हाई. नुसता बघायपुरता उरलाय."

बाबा मूर्ती हातात घेऊन तिच्या दाढीवरून, खांद्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मला कुठला धीर! "मग काय, परत देऊ?"

"गावातला महादेव आमी लांबूनच बघितला, पायरीच्या खालून," मूर्तीवरची नजर न काढता ते म्हणाले. "हात लावू देणारा हा पहिलाच भेटला. राहू दे."