वाघदेवाचा फौजी

डहाणूत तलासरीच्या एसटीची रांग. माझ्यापुढची मासळीवाली डोंगराकडच्या एका बाईशी बोलत होती.

"सुके, तुझा संदीप फौजेतून सुट्टीवर आला ना?"

"आला. तिथं सुभेदार म्हणाला, देवळात सगळ्यांबरोबर आरती म्हण."

"मग म्हणायची!"

"आमचा देव वाघदेव. संदीप हात जोडून उभा राहिला, पण आरती म्हटली नाही. मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, तरी नाही."

"अगो बाय, नोकरी गेली असती!"

"गेली असती तर भात लावला असता."

"आणि आता?"

"आता आरतीला बाकीचे आत डोळे मिटून उभे, आणि दारात बंदूक घेऊन पहाऱ्याला माझा पोरगा. आमच्या वेशीवर वाघदेव दुसरं काय करतो?"