तिनं कपाट उघडलं तेव्हा

नाही नाही, मॅडम, बाकी तिनं तुम्हाला काय काय सांगितलं त्याला माझी हरकत नाही — उशिरा येतो, खरं आहे. ऐकून घेत नाही, तेही खरं असेल, मी ऐकलं नसेल — पण हा एक शब्द तेवढा खोडा. फार्स. "आमचं लग्न म्हणजे नुसता फार्स झालाय" — असंच म्हणाली ना? तुम्ही समुपदेशक, तुमच्यापुढे रोज कोणी ना कोणी म्हणत असेल. पेपरवाले तर उठता-बसता — चौकशीचा फार्स, मुलाखतीचा फार्स. म्हणजे काय, तर आतून सगळं ठरलेलं आणि वरवर देखावा. अहो, पण मी जन्मभर फार्समध्ये कामं करून पोट भरतोय! देखावा कसला? पलंगाखाली लपलेल्या माणसाचा जीव खरोखर टांगणीला लागलेला असतो, म्हणून तर लोक हसतात. तो स्वतः हसला की संपलं. आणि वेळ साधावी लागते — अर्धा श्वास उशीर झाला की हशा गेला. मी कपाटातून बाहेर येतो ना, तेव्हा — जाऊ द्या ते.

नाही, सांगतोच. कपाटाचं निघालंय म्हणून. तिच्या वाढदिवशी आमचा प्रयोग रद्द झाला, नायिकेचा घसा बसला. म्हटलं, चला, बायकोला चकित करू. केक घेतला, घरी आलो, ती कामावरून यायची होती. कुठं लपणार? सवयीनं कपाटात शिरलो. हसू नका — बरं, हसा. कुलूप उघडल्याचा आवाज आला, पण पावलं दोघांची. बरोबर तिचा भाऊ. तो म्हणतो कसा, "ताई, भाऊजी यायच्या आत आवर." मग बॅगांच्या चेन ओढल्याचे आवाज. आता कधी बाहेर यायचं? नाटकात विचारा, झोपेतही सांगेन. तिथं मात्र केकचा खोका धरून उभा — आता जाऊ, आता जाऊ — आणि तिनंच दार उघडलं.

आमच्या नाटकात या जागी किंकाळी असते, मॅडम. ती ओरडली नाही. माझ्याकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, वाटतं. तिनं माझ्या खांद्यामागून तिचा करडा कोट काढला, रिकामा हँगर परत दांडीला अडकवला — टापटीप कायमचीच — आणि दार लावून घेतलं. हळूच. भावानं विचारलं, "आहे का अजून काही आत?" तर म्हणाली, "नाही रे, काही नाही."

आता तुम्हीच सांगा, याला — काय? तुम्हाला माहीत नव्हतं? तिनं सांगितलं नाही? इतक्या वेळा येऊन बसली इथं, माझं घोरणं सांगितलं, पलंगावर टाकलेले ओले टॉवेल सांगितले — आणि हे नाही? एकदाही नाही?

भावालासुद्धा नसेल मग. कालच फोनवर मला शिव्या घालत होता, पण हे — नाही, हे काढलं नाही त्यानं. म्हणजे कोणालाच...

नको, पाणी नको. तिला आत बोलावताय? थांबा, लगेच नको. ती म्हणेल ते करू, म्हणावं, मी नाही म्हणणार नाही, पण आत्ता — मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता का? ऑफिस तुमचंय, कळतंय मला. तरी. जा ना.