गाळलेलं वाक्य

(पाटणा, मुसल्लहपूर. बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींच्या लॉजचा व्हरांडा. समस्तीपूरहून आलेले रामउदार चौधरी आणि इथे राहणारी त्यांची मुलगी सुलेखा, घरची ‘बुच्ची’.)

रामउदार : संपला विषय, बुच्ची. मुलाकडच्यांना मी शब्द दिलाय, म्हणून तू आजच घरी यायचं.

सुलेखा : वा! ‘शब्द दिलाय’ हे एक, ‘यायचं’ हे दुसरं. मधलं वाक्य कुठे गेलं?

रामउदार : मधलं कसलं?

सुलेखा : ज्याच्या जिवावर एकावरून दुसऱ्यावर उडी मारलीत ते. न बोललेलं गृहीतक. बँकेच्या परीक्षेत तेच ओळखायचं असतं.

रामउदार : तीन वर्षं पाटण्यात राहून हे शिकलीस? बापाच्या बोलण्यात भोकं शोधायला?

सुलेखा : शोधावी कुठे लागतात? चाळणीच आहे ती.

रामउदार : तीस वर्षं कोर्टात पेशकार आहे मी, जज्जांपुढे फायली लावतो. तुझ्यासारखे छप्पन्न वकील पाहिलेत.

सुलेखा : मग ऐका. तुम्ही गाळलेलं वाक्य : सुलेखाच्या वतीने तिचा बाप शब्द देऊ शकतो. आता ते उलटं करा. देऊ शकत नाही. राहिलं काही उभं?

रामउदार : जीभ बघा कशी चालते! दोनदा नापास झालीस, तिसऱ्यांदाही होणार. त्यापेक्षा बोहल्यावर चढ.

सुलेखा : दोनदा झाले म्हणून तिसऱ्यांदा होणारच? असली चूक क्लासमधली ढ पोरंही करत नाहीत. आणि नापासावर लग्नाचा उतारा कोणत्या वैद्यानं सांगितला? आणि करतो काय तो नवरामुलगा?

रामउदार : कंत्राटदार आहे. स्वतःची बोलेरो आहे.

सुलेखा : गाडी आहे, म्हणून माणूस चांगला! अहो बाबूजी, किती गाळाल?

रामउदार : आईनं ठेकुआ दिलाय. तो खा आणि तोंड बंद ठेव.

सुलेखा : परीक्षा एकोणीस दिवसांवर आलीय. पास होते, नोकरी लागते, मग बघा त्या बोलेरोला कशी ताठ मानेनं नाही म्हणते!

रामउदार : थांब. नोकरी लागली की नाही म्हणशील?

सुलेखा : म्हणेनच.

रामउदार : आणि नाही लागली तर?

सुलेखा : लागेलच.

रामउदार : उत्तर टाळू नकोस. तू गाळलेलं मी सांगतो. नोकरी असेल तरच पोरीला नाही म्हणता येतं. म्हणजे तू आणि मी एकाच शाळेतले निघालो की!

सुलेखा : बरोबर पकडलंत, बाबूजी.

रामउदार : मग बांध सामान.

सुलेखा : नाही. ते वाक्य खोडते मी. नापास झाले तरी नाही.

रामउदार : अगं, त्या लोकांना मी सांगू काय?

सुलेखा : हेच, ‘नाही’. माझं नाव घेऊन सांगा.