कावडीचा जोडीदार

रंगनाथ: गुडघ्याचंच आहे रे. तू दुसरा कुणी बघ.

झुंबर: उद्या पहाटे रामकुंडावर पाणी भरायचं, अन आज दुपारी चारला म्हणतो दुसरा बघ? एकोणीस वर्षं झाली चालतोय आपण, रंग्या. त्यातली अठरा तुझा गुडघा दुखतोयच.

विठाबाई: चहा घ्या आधी, भाऊजी. तोंड किती उतरलंय.

रंगनाथ: नको वहिनी. शाळेच्या ऑफिसातून तसाच आलोय. झोप नाही धड. दीपमालाला कूस बदलून द्यायला दोन-तीनदा उठावं लागतं.

झुंबर: तिच्यापाशी आमची तेजल राहणार हाय ना? ठरलं की ते.

रंगनाथ: ठरलं. दीपमालानं पिशवीसुद्धा भरलीय माझी. एका हातानं.

झुंबर: बायको पिशवी भरती अन तू गुडघा काढून बसतो! अरे, मी एकटा कसा नेऊ? दोन्हीकडं पाण्याचे तांबे, अन देवीच्या गडापर्यंत कावड भुईला टेकवायची नाय. जेवताना, झोपताना, परसाकडं जाताना दुसरा खांदा लागतोच. का देवीचं पाणी बाटलीत भरून एष्टीनं नेऊ?

रंगनाथ: मी हात लावणार नाही कावडीला.

झुंबर: का? करंट बसतो? एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तीस वर्षं काढली मी. करंटचं मला सांग.

रंगनाथ: चेष्टा नको, झुंबर. थकलोय मी.

विठाबाई: अहो, गप बसा की जरा. बोला भाऊजी.

रंगनाथ: मागच्या वर्षी... लखमापूर फाटा. तू बसथांब्यात आडवा झाला होतास. ऊन असं, की माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ठेवली मी.

झुंबर: काय ठेवलं?

रंगनाथ: कावड. खाली. टॉवेलसुद्धा अंथरला नाही. वणीची एक बस येऊन गेली, तेवढा वेळ. तू उठायच्या आत उचलली. आणि तेच पाणी कोजागिरीला देवीला घातलं आपण. दिवाळीत दीपमालाच्या अंगावरून वारं गेलं.

विठाबाई: आई गं! वर्षभर एकटेच घेऊन बसलात हे?

रंगनाथ: सांगणार कुणाला? ती म्हणते, माझ्यासाठी मागणं माग. कुठल्या तोंडानं मागू?

झुंबर: एवढंच ना? मीबी ठेवलीय.

रंगनाथ: तुझं काय खरं धरायचं? ढकांब्याला जिलबी वाटताहेत सांगून पथकातली चाळीस माणसं गावात पळवलीस तू.

झुंबर: जिलबी वेगळी. सहावं साल, अक्राळे फाटा. तू पायाचे फोड दाखवायला दवाखान्यात गेला होता. मला आली जोराची. लघवी नाय, मोठीच. आता कावड घेऊन द्राक्षाच्या बागेत बसू का? ठेवली बांधावर. येऊन बघतो तर तांब्यावर मुंगळा, ऐटीत.

रंगनाथ: मग?

झुंबर: मग काय? त्याच साली तेजल बारावी पास झाली. मास्तरांनी ओवाळून टाकलेली पोरगी! देवी कोपायची तर तवाच कोपली असती.

रंगनाथ: वहिनी, खरं आहे हे?

विठाबाई: ...खरं आहे. घरी येऊन सांगितलं मला. आठ दिवस बोलले नव्हते मी यांच्याशी.

रंगनाथ: कावडीवर हात ठेवून सांग.

(झुंबर घुंगरं बांधलेल्या बांबूवर हात ठेवतो.)

झुंबर: ठेवली होती. झालं?

रंगनाथ: कधी बोलला नाहीस ते.

झुंबर: तू तरी कुठं बोलला?

रंगनाथ: ...किती वाजता?

झुंबर: पाचला. रामकुंडावर.

रंगनाथ: निघतो मग. तिच्या गोळ्यांची वेळ झाली. येतो वहिनी.

विठाबाई: सावकाश जा, भाऊजी.

झुंबर: गेला?

विठाबाई: कोपऱ्यावर उभे आहेत. डोळे पुसताहेत.

झुंबर: बघू नको मग. ये आत.

विठाबाई: ठेवली होतीत का हो?

झुंबर: कधीच नाय. खांद्याची सालं निघाली तरी नाय. त्या दिवशी तो येईस्तोवर पोट आवळून उभा होतो. पण तू कशी गं बोलली धडाधडा?

विठाबाई: त्यांचं तोंड बघवेना.

झुंबर: आठ दिवस बोलली नाय म्हणे! एवढं सुख कुठं होतं माझ्या नशिबात?

विठाबाई: हसा. उद्या दिंडोरी यायच्या आत सगळ्या पथकात बोभाटा होईल. कावड कधी टेकवली नाही, एकोणीस वर्षं तेवढी एकच गोष्ट मिरवलीत तुम्ही.

झुंबर: होऊ दे.

विठाबाई: आणि कावडीवर हात ठेवून खोटं बोललात, त्याचं काय?

झुंबर: दमलो गं मी आता. गडावर गेलो की सांगीन तिला. म्हणीन, आई, पाणी मी आणलंय, हे खोटं तेवढं तू पोटात घाल.

विठाबाई: नाही घातलं तर?

झुंबर: तर कोप माझ्यावर टाक म्हणीन. त्याच्या घरात आता जागा नाय.