पूर्वेकडचे चार पत्रे

न्हाय न्हाय, शिडी लावा की, मी कुठं नको म्हणालोय — आधी चहा घ्या म्हणालो फक्त. छत काय पळून चाललंय? अकरा वर्सं हाय तिथंच हाय. बसा साईराज साहेब, ह्या स्टुलावर. बघू तुमचा तो क्लॅम्प. व्हय, हाच. म्हणजे पत्र्याला भोक पाडायचंच न्हाय, दोन पत्र्यांमधल्या उभ्या शिवणीला हा चिमट्यागत लावायचा, दोन स्क्रू आवळायचे, अन् त्याच्यावर सोलरचं पॅनल. झकास. भोक न्हाय म्हणजे गळती न्हाय. — मला कसं कळतंय? वॉचमनला? अहो, हे छत मीच घातलंय. हितं उद्यमबागेतल्या कारखान्यांवर आणखी सहा घातल्यात, पण आमचे मालक, अप्पासाहेब, फौंड्रीत कोणबी आलं की ह्याच छताकडं बोट करतात. "आमच्या मष्णूचं काम, अकरा पावसाळ्यांत एक थेंब न्हाय." खरं हाय ते. थेंब न्हाय.

तर माझं म्हणणं एवढंच, पॅनल पश्चिमेच्या उतारावर घाला. सावली? शेजारच्या शेडाची पडते, व्हय, पण दुपारनंतर पडते की, सकाळी कुठं पडते? आणि पूर्वेला कबुतरं लई. पॅनलवर घाण करतील, मग म्हणाल मष्णूनं सांगितलं न्हाय. — वारा? वाऱ्याचं तुम्ही काढलंत हां, मी न्हाय काढलं. पण काढलंच हाय तर विचारतो. वारा पॅनलखाली शिरला की ते वर उचलणार, ते क्लॅम्पला ओढणार, क्लॅम्प शिवणीला ओढणार. आणि शिवण नीट दुमडलेलीच नसली तर? — नसलीच असं न्हाय हो, आपलं विचारालोय. तुम्ही ओढून बघता म्हणे. किती ठिकाणी? दोन? कुठं? दोन्ही मधल्या भागात. कडेला न्हाय. हां.

असं बघू नका माझ्याकडं. चारच पत्रे हाईत. कसं असतंय, पत्र्याला पत्रा लावायचा, दोघांच्या कडा उभ्या, आणि त्यांच्यावरनं मशीन चालवायचं — शिलाईच्या मशीनगत चालतंय ते, कडा दुमडत दुमडत वरनं खाली. पूर्वेकडच्या शेवटच्या चार पत्र्यांवर ते चाललंच न्हाय. मी पकडीनं हातभर अंतरावर चिमटे काढले, बस्स. खालनं बघून ब्रह्मदेवाला कळणार न्हाय. का म्हणजे? गावात लक्ष्मीची यात्रा होती! नंदगडच्या पुढं आमचं गाव. अठरा वर्सांनी भरलेली यात्रा, घरात माणूस मावत नव्हतं, आणि रथाच्या दोराला पहिला हात आमच्या घरचा — आबा गेल्यावर पहिल्यांदा माझा. सुपरवायझर म्हणाला, काम संपल्याबिगर जायचं न्हाय. मी म्हटलं, संपलं. चार दिवसांनी येतो, चार पत्रे गुपचूप शिवतो, कुणाला कळतंय? आलो तर मशीन कोल्हापूरला परत गेलतं, परांची उतरलेली, दारात उद्घाटनाचा मांडव, आणि अप्पासाहेबांनी शंभर माणसांत मला फेटा बांधला. आता फेटा बांधलेल्या माणसानं काय बोलायचं? जरा सैल झालाय, एवढं बोललो.

वॉचमनची नोकरी? ती मीच मागून घेतली. गुडघे गेले म्हणून सांगितलं. गुडघे ठणठणीत हाईत, हात लावून बघा पाहिजे तर. पण वळवाचा वारा सुटला की हितनं पूर्वेचा पत्रा दिसतो. त्याच्याच खाली बायका बसतात, वाळूचे साचे करतात. मी हाक मारतो — "अगं या गं, चहा आलाय!" — की सगळ्या पश्चिमेला. अख्खी उद्यमबाग म्हणती, मष्णूला चहाचं लई वेड. मला पित्त हाय, साहेब. मी चहा पीतच न्हाय.

आणि दोन महिन्यांमागं काय झालं — मालकांनी माझ्या पोरीला, रक्षाला, कामाला घेतलं. जागा दिली ती पण खास, पूर्वेची, खिडकीजवळची. मष्णूची लेक, तिला गार वारा लागू दे! मी म्हटलं, पश्चिमेला बसवा. का? काय सांगणार — म्हटलं, हिला वारा सोसत न्हाय. मालकांनी हसण्यावारी नेलं. पोरगी घरी येऊन विचारती, बाबा, मला कधी वारा सोसला न्हाय हो? मला भ्या वाटतंय साहेब. अकरा वर्सं वाटतंय, पण ह्या दोन महिन्यांत लईच.

काय म्हणालात? पॅनल पश्चिमेला घेतो, कागदावर कबुतरांचं लिहितो, तुमचं नाव कुठं येणार न्हाय? — देव तुमचं भलं करो. हेच तर पाहिजे होतं मला. तासभर उगंच घसा कोरडा केला. झालं तर मग. घ्या, चहा घ्या.

आणि ते चार पत्रे? न्हाय, पॅनल पश्चिमेला गेलं, बरोबर, पण पत्रे पूर्वेलाच की. रक्षा पूर्वेलाच की. मी साठीला आलोय, आणखी किती वर्सं हाका मारत बसू? माझ्या माघारी कोण मारणार? — न्हाय साहेब, पेन काढा. लिहा, पूर्वेकडच्या शेवटच्या चार पत्र्यांच्या शिवणी दुमडलेल्या न्हाईत. "तपासणीत आढळलं" नको! काय आढळलं तुम्हाला? शिडीवर अजून पाय ठेवला न्हाईसा. घालणाऱ्यानं स्वतः सांगितलं, असं लिहा. मष्णू रवळू पाटील. पाटील लिहा, नुसतं मष्णू नको. व्हय, माहीत हाय मला काय होईल ते. नोकरी जाईल. त्यापेक्षा मालकांचं तोंड बघायचं हाय मला, ते अवघड हाय.

ती पांढरी गाडी आली बघा, मालकांचीच. हॉर्न वाजवू दे. आणि तुम्ही मधे बोलू नका — "मालक, छत चांगलंच हाय" असलं काय सांगू नका. आलो मालक, आलो! — जावा साहेब, तुम्ही जावा आता, हे ऐकायला तुम्ही कशाला? — उघडतो मालक, गेट उघडतो. आधी जरा खाली उतरा. गाडीत बसून ऐकायचं न्हाय हे.