कॅमेऱ्याच्या डावीकडे

तिहारात, म्हणजे नेपाळी दिवाळीत, कुत्र्यांना पूजतात, त्या सकाळची गोष्ट. पाटणच्या फोटोच्या दुकानात नानीमैया आपल्या पाळीची वाट पाहत होत्या. दाराबाहेर झेंडूची माळ घातलेलं कुत्रं उन्हात पेंगत होतं. पुढे एक म्हातारबाबा जुने फोटो पसरून बसले होते, आणि दुकानदार त्यांना दाजू, म्हणजे दादा, म्हणत एकेक फोटो बघत होता.

"दाजू, पोरं झाली, कुत्री झाली, रथाची जत्रा झाली. वहिनींचा फोटो कुठाय?"

"काढलाच नाही रे कधी."

"चाळीस वर्षांत? मग परवा वर्षश्राद्धाला हार कशाला घालणार?"

"तेच तर शोधतोय."

"आणि यात कॅमेऱ्याकडे कुणीच कसं बघत नाही? कुत्रीसुद्धा बाजूला बघतायत!"

"तिथे, माझ्या डाव्या बाजूला, ती उभी असायची. हातात सेलरोटीचं गोड, तळलेलं कडं नाचवत."

दुकानदाराने सगळे फोटो पुन्हा एकदा पाहिले.

"यातला कुठला मोठा करू, दाजू?"

"ज्यात तिच्याकडे बघून सगळे जास्त हसतायत ना, तो."