एकेचाळिसावा आठवडा

—नाही, नाही बाई, शुद्धलेखन नका बघू, ते वकीलबाई बघतील, तुम्ही फक्त पळवाट शोधा. एका वाक्याचे दोन अर्थ निघतात का, एवढंच बघा, आणि निघाले तर ती तुमची लाल पेन्सिल उचला आणि मारा गोल, शाळेत मारायचात तसा. मला वाईट वाटणार नाही. सहावीत माझ्या निबंधांची तुम्ही काय दशा करायचात, वही घरी दाखवायची सोय नसायची, तेव्हाही मला वाईट नाही वाटलं — बरं, वाटायचं थोडं. कॉफी नको. म्हणजे — ओतलीच आहे तर राहू द्या. अकरा पानं आहेत. आत्ता साडेअकरा झालेत आणि दोनच्या आत हा नव्या हुकुमाचा मसुदा ट्रोन्डहाइमला वकीलबाईंकडे जायला हवा, उद्या कोर्ट आहे. त्या म्हणतात, स्टाइनार, दोन पानांत आटपा. दोन पानांत! थोडक्यात आटपायला गेलो म्हणूनच तर वाट लागली माझी. अडीच वर्षांपूर्वी हेगे मला सोडून आमच्या तीरिलला घेऊन ओस्लोला निघाली, तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो आणि पोरगी कधी कुणाकडे राहणार ते लिहून काढलं — अर्धं पान, बाई, अर्धं! — खाली दोघांच्या सह्या, आणि दोघांनाही वाटलं, काय शहाणी माणसं आहोत आपण, वकील नको, कोर्ट नको, भांडण तर नकोच नको. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या अर्ध्या पानात एक ओळ होती — 'शरद ऋतूची सुट्टी बाबांकडे.' तुमच्या वेळची ती बटाट्याची सुट्टी हो, पोरांना बटाटे काढायला सोडायचात ती. वाचायला कशी सरळ आहे ना? कुणालाही कळेल. पण कुणाची सुट्टी? कुठल्या शाळेची? आमच्या रोर्विकला ती वर्षाच्या एकेचाळिसाव्या आठवड्यात असते आणि ओस्लोला चाळिसाव्या. लिहिलं तेव्हा पोरगी इथल्याच शाळेत होती, तुमच्याच जुन्या वर्गात बसायची, तेव्हा दुसरी सुट्टी डोक्यात येणार कुठून? आणि ही चूक कुणी करावी? मी! वीस वर्षं बोटींची वेळापत्रकं लिहितोय मी. लोक म्हणतात आकडे महत्त्वाचे — छे, आकडे कुणीही लिहील, खरी कसोटी तळटिपांची. 'फक्त शाळेच्या दिवशी.' 'रविवार व सणवार सोडून.' माझ्या तळटिपेपायी आजवर एक माणूस धक्क्यावर अडकून राहिलेला नाही, एक मेंढी नाही. हसू नका, मेंढ्यांची वेगळी टीप आहे.

हां, तिसरं पान. नाताळ. आधी लिहिलं होतं, 'सम वर्षी नाताळ आईकडे, विषम वर्षी बाबांकडे.' छान. आता सांगा, नाताळची सुट्टी एकतीस डिसेंबरला संपते का? नाही संपत. एक जानेवारीला वर्ष बदलतं, समाचं विषम होतं, मग पोरगी रात्री बारा वाजता कुणाची? फटाके वाजत असताना तिला विमानात बसवायची का? म्हणून सव्वा पान लागलं. पुढे, 'शुक्रवारपासून' — शुक्रवार धरून की सोडून? शाळेची घंटा झाल्यापासून की विमान उतरल्यापासून? 'विषम आठवड्यातला शनिवार-रविवार बाबांकडे' — इथे तर खरी मेख आहे, कुण्णाच्याही लक्षात येत नाही ती. काही वर्षांत आठवडे त्रेपन्न असतात, बाई! त्रेपन्न विषम, लगेच पुढचा पहिला, तोही विषम — लागोपाठ दोनदा मी, की मधला हेगेचा? मी वकीलबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुम्ही शब्दांचा फार कीस काढता. काढतोच. न काढून काय झालं ते बघितलंय ना मी.

आणि हे वाऱ्याचं. पान पाच. गेल्या फेब्रुवारीत पोरगी यायची होती, आठवतंय ना तुम्हाला ते वादळ, तुमच्या गोठ्याचा पत्रा उडाला होता — चार दिवस विमानच उतरलं नाही आमच्याकडे. चार दिवस मी रोज जायचो विमानतळावर, रोज परत यायचो. सुट्टी गेली वाऱ्यावर. मी हेगेला म्हटलं, भरून दे ते दिवस, ईस्टरला दे. तर म्हणते, 'वारा मी सोडला का?' आणि कागदात काही नव्हतं, वाऱ्याबद्दल चकार शब्द नव्हता. बोटींच्या ऑफिसात मी वीस वर्षं वाऱ्याचा अंदाज बघूनच तर भाकरी खाल्ली, आणि कागदात वारा लिहायचा विसरलो. तेव्हा मी ठरवलं. काय ठरवलं? ते — ते सांगतो, आधी पान सात बघा.

का गोल मारलात? त्यात काय आहे? 'फोन आठवड्यातून दोनदा, किमान पंधरा मिनिटे.' स्वच्छ आहे की! पंधरा कमी होतात? मग — जास्त? अहो बाई, किमान लिहिलं नाही तर ती उचलते, 'हं' म्हणते आणि ठेवते, मग तो फोन झाला की नाही झाला? झाला म्हणायचा का त्याला? ऑक्टोबरपासून हेच चाललंय. मी विचारतो, शाळा कशी आहे? हं. पोहायला जातेस का? हं. माझी तीरिल, जी बोटीवर कप्तानाचं डोकं खायची, तुमच्या दारात उभी राहून तुमच्या मांजरांची खानेसुमारी करायची — हं! पंधरा मिनिटं ती काय बोलणार, ते मी कसं लिहू? ते लिहिता येतं का? तुम्ही सांगा, तसं एखादं वाक्य असेल तर मी घालतो, कुठेही घालतो.

ऑक्टोबरात काय झालं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, तुम्हालाही असेलच. नाही? उगाच मानभावीपणा नका करू, दुकानात काय बोलतात ते मला कळतं. बरं, माझ्या तोंडून ऐका. मी एकेचाळिसाव्या आठवड्याचं तिकीट काढलं, सोमवारचं, सकाळचं. हेगेला पाठवलं. तिचा निरोप आला, 'चाळिसावा ना?' मी उत्तर दिलं नाही. परत आला. मी दिलं नाही. सोमवारी विमानतळावर गेलो, तो अर्ध्या पानाचा करार खिशात घडी घालून. विमान आलं, सहा माणसं उतरली, पोरगी नाही. हेगेचा फोन लागेना — दातांच्या दवाखान्यात आहे ती कामाला, फोन कपाटात असतो, मला माहीत आहे ते — मग मी पोलिसांना फोन केला. म्हटलं, माझी मुलगी विमानात असायला हवी होती, उतरली नाही, आईचा फोन लागत नाही. ह्यात खोटं काय आहे? एक शब्द दाखवा खोटा. उतरली नव्हतीच! फोन लागत नव्हताच! आणि मग ओस्लोला दोन पोलीस गेले शाळेत, गणिताचा तास चालू होता, आणि वर्गाच्या दारात उभं राहून त्यांनी माझ्या पोरीचं नाव घेतलं. सगळ्या वर्गासमोर. तिला वाटलं आई मेली.

थांबा जरा. पाणी द्या.

तर मी म्हणत होतो, शब्द. शब्द संदिग्ध होता, म्हणून हे झालं. 'शरद ऋतूची सुट्टी' — दोन अर्थ, मी एक धरला, तिने दुसरा धरला, झालं. दोष कुणाचा? वाक्याचा. मी कोर्टाला हेच — काय? काय म्हणालात? मला ठाऊक नव्हतं का? काय ठाऊक नव्हतं का? बाई, तुम्ही ना, अजून तशाच आहात, पोराचा कान धरायच्या आधी चष्मा काढून ठेवायचा.

होतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, होतं ठाऊक. माझ्या ऑफिसात भिंतीवर सगळ्या भागांच्या शाळांच्या सुट्ट्या लावलेल्या असतात, रंग देऊन. ओस्लोची माणसं सुट्टीत इथे त्यांच्या उन्हाळी घरांवर येतात, त्यांच्यासाठी चाळिसाव्या आठवड्यात जादा बोट सोडतो आम्ही. कोण सोडतं? मी सोडतो. तळटीप माझी आहे — 'ओस्लोतील शालेय सुट्टीत'. त्या आठवड्यात ती बोट रोज गेली-आली, मी खिडकीतून बघत होतो, ओस्लोची पोरं उतरत होती पिवळे रेनकोट घालून, आणि माझी पोरगी तिथे ओस्लोत घरी बसली होती. बॅग भरून. हेगेने फोन केला होता, तीरिलने स्वतः केला होता दोनदा, मी उचलला नाही. का उचलला नाही? कारण उचलला असता तर ती आली असती! आणि मला — बाई, मला त्या फेब्रुवारीपासून हेगेची एक चूक हवी होती. कागदावरची. लेखी. कोर्टात दाखवता येईल अशी. म्हणजे मग वारा भरून मिळेल, दिवस भरून मिळतील, मग मी नवा हुकूम मागीन, भक्कम, पळवाट नसलेला, आणि पोरगी कायमची ठरल्या वेळी येत राहील. इतकं सरळ होतं डोक्यात. एक आठवडा सोडायचा आणि सगळी वर्षं मिळवायची. शहाणा ना मी? उंटावरचा.

तो कागद नाही, तो राहू द्या. तो मसुद्यातला नाही, चुकून टाचला गेलाय मागे. न्यायाधीशांनी तीरिलशी बोलून लिहिलंय ते, पोर अकराची आहे, नोव्हेंबरात बारा होईल, पोरांचं म्हणणं विचारतात ते लोक, दोन्हीकडे प्रत पाठवतात. वाचलंय मी. पाठ आहे. तुम्ही नका — बरं, वाचा. मोठ्यानं नको. मीच म्हणतो. 'मला बाबांकडे जायला आवडतं. पण नको वाटलं तर नको म्हणता यायला हवं. आणि मग बाबांनी कुणालाही फोन करायचा नाही.' एवढंच. एवढंच बोलली. पुढे लिहिलंय की मग तिने विचारलं, हे बाबांना कळेल का, तर ते म्हणाले, हो कळेल, तर म्हणाली, बरं.

तुम्हाला काय वाटतं, मी प्रयत्न केला नाही? तीन दिवस घोळतोय. कलम नऊमध्ये घालून बघितलं, कलम चौदात घालून बघितलं. पण 'नको' म्हणजे काय? किती दिवस आधी? तोंडी की लेखी? वर्षातून किती वेळा? आई शेजारी बसलेली असताना म्हटलेलं नको धरायचं की नाही धरायचं? 'नको वाटलं' — वाटलं हे कुणी मोजायचं? आणि कुठेही घातलं तरी ते वाक्य बाकीची अकरा पानं खाऊन टाकतं, बाई. नाताळ जातो, वारा जातो, त्रेपन्नावा आठवडा जातो. कलम चौदात मी लिहिलंय, मूल न आल्यास आईला रोजचा दंड — तेही जातं. सगळ्याला भगदाड पडतं. मी आयुष्यात इतकी मोठी पळवाट असलेलं वाक्य बघितलं नाही.

आणि दोन अर्थ निघतात का? विचारा ना, विचारा, तोंडावर दिसतंय तुमच्या. नाही निघत. एकच निघतो.

काय करताय? पानं पालथी का घातलीत? अहो, दोन वाजता — कोरा कागद कशाला? नाही. नाही हो बाई, तुम्हाला कोर्ट माहीत नाही, हेगे माहीत नाही, तिचा वकील हसेल, माझी वकीलबाई हसेल — हसू दे म्हणता? तुमचं काय जातंय म्हणायला. ...एक तरी ओळ आणखी असू द्या. 'सुट्टी म्हणजे तीरिलच्या शाळेची सुट्टी.' हे तरी हवं ना? हे बरोबर आहे ना? हं. तर ही एक. आणि खाली तिचं. तिच्याच शब्दांत? तिच्याच. द्या इकडे ती पेन्सिल, लाल तर लाल.

...पण... नको... वाटलं... तर. 'कुणालाही' जोडून ना? हो, जोडून. झालं. सही इथे करतो. फोटो काढतो आणि पाठवतो, साडेबारा पण नाही वाजले, बघा, दोन पानं म्हणाल्या होत्या, चार ओळींत झालं. आता तुम्ही खूश? मी — एक विचारू? हसू नका. ह्याच्यात ती येईलच, असं कुठेच लिहिलेलं नाही. मी सगळं वाचलं, परत वाचलं, कुठेच नाही. समजा हे गेलं, न्यायाधीश बरं म्हणाले, हेगे बरं म्हणाली, सुट्टी लागली तिच्या शाळेला, मी विमानतळावर गेलो, आणि ती नको म्हणाली. आणि पुढच्या वेळीही. आणि मी कुणालाही फोन करायचा नाही.

मग काय करायचं, बाई? मग बापाने काय करायचं? बोला की. इतकी वर्षं शिकवलंत आम्हाला.

बाई?